घरबसल्या जुनं शहर: सलग गोल दृश्यं की लोकांचे फोटो?

जुन्या शहराच्या गल्ल्या स्क्रीनवर फिरायच्या तर दोन वाटा आहेत. एक, कंपनीने बहुतेक ठिकाणी गाडीवर कॅमेरा लावून, तो फिरवून घेतलेली 360 अंशांची सलग दृश्यं. गूगलचं स्ट्रीट व्ह्यू कोणाला माहीत नाही? दुसरी, लोकांनी फोनवर, डॅशकॅमवर, सायकलला कॅमेरा लावून काढलेल्या आणि नकाशावर चढवलेल्या फोटोंच्या मालिका. त्यात 2013 साली स्वीडनमध्ये सुरू झालेली, 2020 मध्ये फेसबुकने (आताच्या मेटाने) विकत घेतलेली मॅपिलरी जास्त वापरात आहे. दोन्हीकडे पैसे पडत नाहीत आणि चेहरे, नंबरप्लेट धूसर केलेल्या असतात, म्हणून त्या मुद्द्यांवर थांबत नाही.

गाडीवरच्या कॅमेऱ्याबद्दलची पहिली तक्रार रास्तच आहे. जुन्या शहरात बघण्यासारखं असतं तिथेच गाडीला मज्जाव असतो, आणि आपली सफर वेशीपाशी संपते. यावर उपाय निघाला, पण सगळीकडे नाही. व्हेनिसमध्ये मोटारींना रस्तेच नाहीत, तेव्हा पाठीवर साधारण 18 किलोचा कॅमेरा घेतलेली माणसं पायी आणि नावेतून हिंडली, आणि 2013 मध्ये ती दृश्यं लोकांसमोर आली. एवढा मान प्रत्येक गावाला मिळत नाही. शिवाय गाडीवरचा कॅमेरा माणसाच्या नजरेपेक्षा बराच उंच असतो, त्यामुळे दरवाजे उगाच बुटके वाटतात.

लोकांचे फोटो या बोळांत शिरतात. इटलीतलं बोलोन्या घ्या. तिथले कमानदार पदपथ सगळे मिळून 62 किलोमीटर भरतात, त्यांतले निवडक भाग 2021 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. रस्त्याच्या मधून पाहिलं तर खांबांची रांग आणि मागे अंधार. चालणाऱ्याने आतून काढलेल्या फोटोत छत दिसतं, फरशी दिसते, खांबांमधून येणारं ऊन दिसतं. हे फोटो खुल्या परवान्याखाली असतात, त्यामुळे श्रेय देऊन लेखात वापरता येतात. हा फायदा लहान नाही.

इतकं असूनही मी बहुतेक वेळा गोल दृश्यांकडेच वळतो, आणि त्याचं कारण एकच आहे: साध्या फोटोत मान वर करता येत नाही. जुन्या शहराचा तळमजला बहुधा बदललेला असतो. काचेची दारं, पाट्या, छत्र्या, उभ्या केलेल्या गाड्या. जुनं जे टिकतं ते पहिल्या मजल्यापासून वर: सज्जे, खिडक्यांच्या चौकटी, भिंतीतले कोनाडे, छताची कड. चेक प्रजासत्ताकातल्या तेल्चच्या चौकात खाली कमानी आणि दुकानं आहेत, तर घराघराचा वेगळा माथा आणि रंग वर आहे. तिथे समोर रोखलेल्या फोटोंची मालिका पुढे सरकवत गेलं की पुढच्या गाडीचा मागचा भाग आणि भरपूर डांबर दिसतं. डोक्यावरून काहीतरी सुंदर निघून गेल्याचं जाणवतं, मागे वळावं तर फोटोला मागची बाजूच नाही. मला याची एवढी चीड येते की बाकीचे गुण त्यापुढे फिके पडतात.

मॅपिलरीवर फक्त 360 अंशांचे फोटो गाळून पाहता येतात, हे सांगायलाच हवं. तुम्हाला हव्या त्या गावात तसे पुरेसे असतील तर माझा आक्षेप बराचसा गळून पडतो. मला हव्या असलेल्या आडगावांत ते क्वचितच भेटले, तुमचा अनुभव निराळा असू शकेल.

गोल दृश्यांच्या पारड्यात आणखी एक वजन आहे. स्ट्रीट व्ह्यूमध्ये 2014 पासून संगणकावर त्याच जागेची आधीच्या वर्षांतली दृश्यंही उघडता येतात. दुरुस्तीआधीची भिंत आणि नंतरची भिंत एकाच कोनातून पाहता येते.

तेव्हा इमारती पाहायच्या असतील तर गोल दृश्यांपासून सुरुवात करा, असं मी म्हणेन. वेशीपाशी अडलात की त्या बोळापुरते लोकांचे फोटो उघडा.