मधुमेही वडिलांच्या खोलीतला एअर प्युरिफायर : विश्रामबागेतील एका वर्षाचा अनुभव

आमचे घर सांगलीत विश्रामबागेत, सांगली-मिरज रस्त्यापासून दुसऱ्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर आहे. आमचे आण्णा ७३ वर्षांचे आहेत, त्यांना १९ वर्षांपासून मधुमेह आहे आणि दोन वर्षांपूर्वी मिरजेत त्यांची अँजिओप्लास्टी झाली. त्यांच्या झोपायच्या खोलीसाठी गेल्या ऑक्टोबरमध्ये आम्ही १३,५०० रुपयांना एक एअर प्युरिफायर घेतला. महिन्याभरातच त्याबद्दल लिहिता आले असते, परंतु आपल्या भागात अशा वस्तूची खरी परीक्षा साखर कारखान्यांचा गळीत हंगाम पार पडल्याशिवाय होत नाही, म्हणून वर्ष पुरे होईपर्यंत थांबले. कंपनीचे आणि दुकानाचे नाव देत नाही, कारण मला जे सांगायचे आहे ते कोणत्याही कंपनीचे यंत्र घेताना तपासावे लागेल असेच आहे.

हे यंत्र आम्ही सर्दी-खोकल्यासाठी नव्हे, तर आण्णांच्या हृदयासाठी घेतले. त्यांच्या छातीत कधी कळ आलीच नाही. जिना चढताना दरदरून घाम यायचा आणि दुपारभर गळून गेल्यासारखे वाटायचे, एवढेच. बरीच वर्षे मधुमेह असला की नसांची संवेदना बोथट होते आणि हृदयाला रक्त कमी पडत असतानाही दुखत नाही, हे डॉक्टरांनी आम्हाला तेव्हा समजावून सांगितले. घर कोणत्या रस्त्याला आहे आणि सकाळी फिरायला कुठे जातात, हेही त्यांनी त्याच वेळी विचारले. तोपर्यंत धूर म्हणजे फुप्फुसांचा प्रश्न अशीच माझी समजूत होती.

हवेतले अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण, ज्यांना पीएम २.५ म्हणतात, ते आपल्या केसाच्या जाडीच्या वीस-पंचवीस पट लहान असतात आणि नाका-घशात न अडकता थेट फुप्फुसांच्या तळाशी पोहोचतात. तिथे होणारा दाह तिथेच थांबत नाही. रक्तवाहिन्यांचे आतले अस्तर त्याने बिघडते, वाहिन्या गरजेप्रमाणे सैल पडत नाहीत, रक्तात गुठळी होण्याची प्रवृत्ती वाढते आणि हृदयाच्या ठोक्यांवरचे नसांचे नियंत्रणही ढळते. मधुमेहामुळे नेमक्या याच गोष्टी आधीपासून बिघडलेल्या असतात, त्यामुळे धुराचा घाव दुखऱ्या जागीच पडतो. अमेरिकेत शिकागो परिसरातील रुग्णालयांच्या नोंदींवर आधारलेला एक अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला होता. हवेतले पीएम १० कण, म्हणजे दहा मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण, घनमीटरमागे १० मायक्रोग्रॅमने वाढले की हृदयविकारासाठी दाखल होणाऱ्यांचे प्रमाण मधुमेह नसलेल्या ज्येष्ठांमध्ये सुमारे १ टक्क्याने आणि मधुमेह असलेल्यांमध्ये सुमारे २ टक्क्यांनी वाढते, असे त्यात दिसले. हे आकडे लहान वाटतील, पण आपल्याकडे हिवाळ्यात ही वाढ दहाची नसते, कित्येक दहांची असते.

सांगली म्हणजे दिल्ली नव्हे, असे आम्हाला पुष्कळांनी ऐकवले. ते खरेच आहे. तरीही २०१९ मध्ये केंद्र सरकारने सुरू केलेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात, हवेची मानके सातत्याने न पाळल्या गेलेल्या शहरांच्या यादीत सांगलीचे नाव आहे. रस्त्यावरची डिझेलची वाहने, उखडलेल्या डांबराची धूळ, कोपऱ्या-कोपऱ्यावर पेटवलेला कचरा, आणि ऊसतोड सुरू झाली की शेतात जाळलेले पाचट, हे सगळे आमच्या खिडकीतून आत येते. डिसेंबरमध्ये गच्चीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या धोतरावर पाचटाचे काळे पापुद्रे पडतात आणि झटकायला गेले की त्यांची रेघ उमटते, हे या भागातल्या कोणत्याही बाईला सांगावे लागत नाही. मात्र ते पापुद्रे डोळ्यांना दिसतात, म्हणून त्यातल्या त्यात बरे. न दिसणारा धूर रात्रीच्या गारव्यात जमिनीलगत बसतो आणि पहाटेपर्यंत हलत नाही.

आता यंत्राविषयी. घेताना सर्वांत आधी पाहण्यासारखा आकडा म्हणजे सीएडीआर, म्हणजेच यंत्र तासाभरात किती घनमीटर स्वच्छ हवा देते तो आकडा. आण्णांची खोली १२ फूट लांब, ११ फूट रुंद आणि १० फूट उंच आहे, म्हणजे साधारण ३७ घनमीटर. खोलीतली हवा तासाला पाच वेळा गाळली जावी असा हिशोब धरला, तर १८५ च्या आसपासचे यंत्र पुरायला हवे. दुकानदारानेही २०० चेच यंत्र पुढे केले होते. परंतु तो आकडा यंत्राच्या सर्वाधिक वेगाचा असतो, आणि त्या वेगाचा आवाज असा असतो की माणूस झोपू शकत नाही. रात्रीच्या मंद वेगावर तेच यंत्र निम्मेही काम करत नाही. म्हणून आम्ही ३३० चे घेतले आणि ते मधल्या वेगावर चालवतो. याचा आवाज छताच्या पंख्याएवढा येतो आणि आण्णांना त्याची सवय झाली आहे. माझ्या मते संपूर्ण खरेदीत पैशाचे चीज कुठे झाले असेल, तर ते या एका निर्णयात.

फिल्टर एच १३ दर्जाचा हेपा, म्हणजे अतिबारीक कण अडवणारा गाळणा आहे आणि त्याला कार्बनचा पातळ थर जोडलेला आहे. बारीक कणांसाठी तो उत्तम आहे. वाहनांच्या धुरातल्या नायट्रोजन डायऑक्साइडसारख्या वायूंसाठी मात्र इतक्या पातळ थराचा फारसा भरवसा धरू नये. यंत्रावर आयोनायझरचे, म्हणजे हवेतल्या कणांना विद्युतभार देणाऱ्या सोयीचे, एक बटण आहे, ते आम्ही कायम बंद ठेवतो, कारण अशा सोयीतून थोडाफार ओझोन तयार होऊ शकतो आणि हृदयरुग्णाच्या खोलीत तो मुळीच नको.

पहिला मोठा मनस्ताप बसवतानाच झाला. दुकानातून आलेल्या मुलाने यंत्र भिंतीशी ठेवले, बटण दाबून हिरवा दिवा दाखवला, पावतीवर सही घेतली आणि तो गेला. अकरा दिवस आम्ही ते तसेच चालवले. बाराव्या दिवशी मी मागचे झाकण उघडले, तर फिल्टर प्लॅस्टिकच्या पिशवीतच होता. पिशवी तोंडाशी नीट चिकटवलेली, तशीच्या तशी. ज्या दिवसांत दिवाळीचे फटाके वाजले, त्याच दिवसांत आण्णा न गाळलेल्या हवेत, दारे-खिडक्या बंद करून झोपले होते. मी दुकानात फोन केला, तेव्हा "माहितीपुस्तिकेत लिहिलेले असते, मॅडम" एवढेच उत्तर मिळाले. बसवून देण्याचे वेगळे ३०० रुपये त्यांनी घेतले होते, ते परत मिळाले नाहीत. या गोष्टीचा राग मला अजून आहे. आजारी माणसाच्या घरात वस्तू बसवणाऱ्याने झाकण एकदा उघडून पाहायला दोन मिनिटेही लागत नाहीत.

पिशवी काढल्यावर फरक लगेच दिसला. नोव्हेंबरमध्ये रात्री दहाच्या सुमारास खिडक्या लावून यंत्र सुरू केले की पडद्यावरचा पीएम २.५ चा आकडा ९० च्या आसपासून पाऊण तासात १० च्या खाली येऊ लागला. पण यंत्राचा पडदा यंत्राच्या अंगालगतची हवा मोजतो. एका परिचितांकडून हातात मावणारा मापक मी आठवड्यासाठी आणला आणि आण्णांच्या उशाशी ठेवला. पडद्यावर ९ असताना उशाशी २४ होते. मग यंत्र कोपऱ्यातून काढून पलंगापासून चार फुटांवर, चारही बाजू मोकळ्या राहतील असे ठेवले, तेव्हा उशाशी १५ आले. चोवीस तासांच्या सरासरीसाठी आपल्या देशाचे मानक ६० मायक्रोग्रॅम आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेली मर्यादा १५ आहे, हे लक्षात घेता निदान रात्रीच्या आठ तासांपुरता मला हा निकाल समाधानकारक वाटतो. दिवसाच्या हवेला अर्थात हे यंत्र काहीच करू शकत नाही.

या यंत्रामुळे आणखी एक गोष्ट कळली, जिच्यासाठी ते घेतलेच नव्हते. एका संध्याकाळी यंत्र सुरू असतानाच आईने देवघरात धूप लावला आणि आकडा दहा मिनिटांत ३०० च्या पुढे जाऊन दिवा लाल झाला. आण्णांना ते पटेना. "अगं, देवापुढचा धूर आणि ट्रकचा धूर एकच कसा?" असे ते म्हणाले. मी त्यांच्याशी वाद घातला नाही, फक्त दुसऱ्या दिवशी आकडा वर जाताना त्यांना शेजारी बसवून दाखवला. ते बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "निरांजन पुरे आहे आपल्याला." डासांच्या कॉइलचेही तसेच. एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींएवढे बारीक कण बाहेर पडतात, असे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात आढळले होते, आणि आमच्याकडे पावसाळाभर कॉइल आण्णांच्याच पलंगाखाली जळत असे. आता तिथे मच्छरदाणी आहे.

तब्येतीवर काय परिणाम झाला, हा प्रश्न सगळे विचारतात. आण्णांचा रक्तदाब सध्या चांगला आहे, पण त्याच हिवाळ्यात त्यांच्या गोळ्यांचा डोस बदलला, त्यामुळे त्याचे श्रेय मी यंत्राला देणार नाही. डेट्रॉइटमधील ४० ज्येष्ठांवर झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, खोलीत तीन दिवस असे यंत्र चालवल्यावर वरचा रक्तदाब सरासरी ३ मिलिमीटरच्या आसपास उतरला होता. अपेक्षा ठेवायची तर एवढीच ठेवावी. औषधे, साखरेचे नियंत्रण आणि चालणे यांच्या जागी हे यंत्र येत नाही. चालण्याच्या बाबतीत मात्र आम्ही एक बदल केला. आण्णा पूर्वी पहाटे साडेपाचला हमरस्त्याच्या कडेने चालत, ते आता ऊन वर आल्यावर आमराईत जातात. पहाटेचा खोकला गेला हे नक्की, आणि तो खोलीतल्या हवेमुळे गेला की फिरण्याची वेळ बदलल्यामुळे, हे वेगळे काढून सांगता येणार नाही.

खर्चाचे सांगायचे तर विजेचा भार फार नाही, रात्री आठ तास चालवून महिन्याला साधारण ११ युनिट पडतात. फिल्टर मात्र महाग पडतो. पुस्तिकेत तो वर्षभर टिकेल असे लिहिले आहे, परंतु आमचा सात महिन्यांत करडा-काळा झाला आणि हवेचा झोत जाणवण्याइतका मंदावला. नवा २,४०० रुपयांना पडला आणि मागवल्यापासून हातात यायला पाच आठवडे लागले. सांगलीत कोणाकडेच तो तयार मिळाला नाही. त्यामुळे घेण्यापूर्वी यंत्राच्या किमतीबरोबर फिल्टरची किंमत आणि तो कुठे मिळतो, हे लेखी विचारून घ्यावे. तसेच दिवसातून दोनदा खिडक्या उघडाव्याच लागतात, कारण हे यंत्र कण गाळते, कोंदलेली हवा ताजी करत नाही. आम्ही दुपारी वारा वाहता असताना खिडक्या उघडतो.

ज्या घरात मधुमेही हृदयरुग्ण आहे, खोली रस्त्याजवळ आहे आणि रात्री दार बंद ठेवता येते, त्यांनी हे यंत्र घ्यावे असे मी सांगेन. चौकाचे, सतत उघडे असणारे घर असेल किंवा यंत्र दिवाणखान्यात ठेवायचा विचार असेल, तर पैसे घालवू नयेत, त्यापेक्षा धूप आणि कॉइल आधी बंद करावी. यंदाच्या हंगामासाठी लागणारा फिल्टर मी ऑगस्टमध्येच मागवून ठेवला आहे. तो आण्णांच्या कपाटावर आहे आणि खोक्यावर त्यांनी जाड पेनाने स्वतःच्या हाताने लिहून ठेवले आहे : बसवताना आधी पिशवी काढणे.