जंताचं औषध: दर दोन महिन्यांनी सरसकट, की लीद तपासून?

येऊरच्या पायथ्याशी असो की खारघरच्या बाजूला, चार-सहा घोडे सांभाळणाऱ्याला पावसाच्या तोंडावर हे ठरवावंच लागतं. आमचा कौल असा: मोठ्या घोड्यांना लीद तपासून, शिंगरांना वेळापत्रकाने.

सरसकट पद्धतीचं मूळ १९६६ सालच्या अमेरिकी शिफारशीत आहे. तेव्हा खरा वैरी होता मोठा स्ट्रॉंगाईल हा आतड्यातला जंत. त्याची अळी आतड्याच्या धमनीत शिरते, रक्तपुरवठा तुटतो आणि घोडा पोटशुळाने दगावतो. नियमित डोसांनी तो आटोक्यात आला, हे मान्यच करायला हवं. आज प्रौढ घोड्यांत भरणा असतो छोट्या स्ट्रॉंगाईलचा, आणि तो फेनबेन्डाझोल या जंताच्या औषधाला जगभर दाद देईनासा झालाय. पेस्ट दिल्याचं समाधान मिळतं, जंत जागेवरच राहतात.

तपासणीला आधार असा की, साधारण २० टक्के घोड्यांच्या लिदेतूनच जंतांची ८० टक्के अंडी पडतात. मॅकमास्टर पद्धतीत ४ ग्रॅम लीद २६ मिली संपृक्त मिठाच्या पाण्यात कालवून गाळतात, काचपट्टीच्या दोन कप्प्यांतली अंडी मोजून बेरजेला २५ ने गुणतात. ग्रॅमभर लिदेत २०० अंड्यांच्या आत आलेल्या प्रौढ घोड्याचं त्या खेपेचं औषध थांबवता येतं, ५०० च्या वर द्यायलाच हवं, मधल्यांचं डॉक्टरांवर सोडा.

घोटाळा होतो तो नमुन्यात. मेच्या उकाड्यात पिशवी गाडीत पडून राहिली की अंडी फुटून अळ्या बाहेर येतात, आकडा कमी दिसतो आणि सगळ्यात जंताळलेला घोडा कागदावर स्वच्छ ठरतो. ताज्या ढिगाच्या आतली मूठभर लीद घ्या, पिशवीतली हवा दाबून काढा, घोड्याचं नाव लिहा, थंड डब्यात ठेवा (गोठवू मात्र नका) आणि १२ तासांत प्रयोगशाळेत पोचवा. परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयात परजीवीशास्त्र विभाग आहे. आधी विचारून जा.

आतड्याच्या भिंतीत दडलेल्या अळ्या या मोजणीत दिसत नाहीत, पट्टकृमीही बहुधा निसटतो. म्हणून आकडा कितीही कमी असला तरी वर्षाला एक-दोन डोस सगळ्यांना हवेतच. त्यातला एक पावसाळा सरताना.

औषध लागू पडतंय का, तेही मोजणीच सांगते. डोसनंतर १४ दिवसांनी पुन्हा तपासा. ६०० चे ९० झाले तर घट ८५ टक्के. फेनबेन्डाझोलसाठी ९० टक्क्यांच्या खालची घट म्हणजे ते औषध तुमच्या तबेल्यात निकामी.

तसं ठरवण्याआधी डोस वजनाच्या मानाने पुरा पडला होता का, ते पाहा. वजन असं काढा: छातीचा घेर गुणिले घेर गुणिले अंगाची लांबी, सगळं सेंटिमीटरमध्ये, भागिले ११,८८०. घेर १७० आणि लांबी १५० असेल तर वजन ३६५ किलो, म्हणजे आयव्हरमेक्टिन हे जंताचं दुसरं औषध किलोला ०.२ मिलिग्रॅमप्रमाणे ७३ मिलिग्रॅम. नजरेने ३०० धरलं की १३ मिलिग्रॅम कमी, आणि अर्धवट डोसातूनच चिवट जंत पोसले जातात. गुरांचं आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन स्वस्त पडतं म्हणून टोचू नका. घोड्याला सुईच्या जागी क्लॉस्ट्रिडियम जिवाणूचा जीवघेणा संसर्ग होऊ शकतो.

शिंगरांचं वेगळं. त्यांच्यातला गोलकृमी आयव्हरमेक्टिनला बऱ्याच ठिकाणी जुमानत नाही, म्हणून पहिला डोस दोन-तीन महिन्यांच्या वयात, फेनबेन्डाझोलचा.

बारमाही ठाणबंद घोड्याला स्ट्रॉंगाईलची भीती कमीच. जून ते ऑक्टोबर हिरव्या गवतावर सोडत असाल तर आठवड्यातून दोनदा तिथली लीद उचला. ओल आणि उबेत अंड्याची संसर्गक्षम अळी व्हायला आठवडाही पुरतो.