कानाचं मशीन घ्यायचंय: ईएनटी, ऑडिओलॉजिस्ट की दुकान?

ठाण्यात आई-बाबांसाठी कानाचं मशीन घ्यायचं म्हटलं की तीन पर्याय समोर येतात: ईएनटी डॉक्टर, ऑडिओलॉजिस्टचं क्लिनिक आणि 'मोफत तपासणी'चा बोर्ड लावलेलं दुकान. तिघांची कामं वेगळी आहेत.

कान वाहतोय, दुखतोय, चक्कर येते किंवा एकाच कानाने कमी ऐकू येतं, तर आधी ईएनटी. मळ, पडद्याचं भोक, औषधं, शस्त्रक्रिया हे त्यांचं क्षेत्र. एक-दोन दिवसांत अचानक ऐकू येईनासं झालं, तर सर्दी समजून थांबू नका, त्याच दिवशी जा. स्टिरॉइडचा उपयोग पहिल्या दोन आठवड्यांत जास्त होतो, पुढे शक्यता घटत जाते.

ऑडिओलॉजिस्ट औषध लिहून देत नाहीत. ऐकू किती येतं ते मोजणं आणि मशीन कानाप्रमाणे बसवणं हे त्यांचं काम. बारावी सायन्सनंतर बीएएसएलपी ही श्रवण आणि वाचा विषयातली पदवी, म्हणजे 3 वर्षं अभ्यास आणि 1 वर्ष इंटर्नशिप; पुढे हवं तर 2 वर्षांचं पदव्युत्तर शिक्षण. वांद्रे रेक्लमेशनच्या अली यावर जंग संस्थेत हा अभ्यासक्रम आहे आणि तिथे बाह्यरुग्णांची तपासणीही होते. आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) नोंदणी मात्र हवीच. दुकानातला माणूस बीएएसएलपी असू शकतो, एका वर्षाचा डीएचएलएस डिप्लोमा केलेला असू शकतो, किंवा नुसता विक्रेता. म्हणून बोर्ड न बघता नोंदणी क्रमांक विचारा. पात्र माणूस तो लगेच सांगतो.

खरा फरक तपासणीत दिसतो. नीट तपासणी साउंडप्रूफ खोलीत होते. आधी कानात बघतात, मग हेडफोनवर 250 ते 8000 हर्ट्झचे आवाज देतात. आवाज ऐकू आला की 10 डेसिबलने कमी करायचा, नाही आला की 5 ने वाढवायचा, असं प्रत्येक पट्टीला. त्यानंतर कानामागच्या हाडावर कंपक ठेवून तेच पुन्हा. हेडफोन आणि हाड यांच्या आकड्यांत मोठी तफावत निघाली तर दोष बाहेरच्या किंवा मधल्या कानात असतो, आणि त्यावर अनेकदा उपचार असतात. मोफत तपासणीत हा हाडाचा भागच बहुतेकदा गाळला जातो. मास्किंगचंही तसंच: चांगल्या कानात खरखर सोडली नाही, तर तोच कान दुसऱ्याचे आवाज ऐकतो आणि पार गेलेला कान कागदावर बरा दिसतो.

रस्त्यालगतच्या उघड्या गाळ्यात आणखी एक घोळ होतो. वाहनांची घरघर खालच्या पट्टीतले आवाज झाकते, त्यामुळे 250 आणि 500 हर्ट्झला ऐकणं आहे त्यापेक्षा वाईट नोंदलं जातं. त्या रिपोर्टवर लावलेलं मशीन खालचे आवाज उगाच वाढवतं, सगळं घुमतं, आणि आजी मशीन कपाटात ठेवून देतात. दोष मशीनचा नसतो.

बसवतानाही हेच. कंपनीचं सॉफ्टवेअर सरासरी कान धरून आकडे भरतं. चांगला ऑडिओलॉजिस्ट पडद्याजवळ बारीक नळी सरकवून आवाज प्रत्यक्ष किती पोचतो ते मोजतो. ही सोय सगळीकडे नाही. क्लिनिक निवडताना आम्ही तिलाच सर्वात जास्त वजन देऊ. पैसे देण्यापूर्वी विचारा: दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा सेटिंग कोण करणार, आणि ते किमतीत धरलंय का? मोठी सवलत देणाऱ्या दुकानात नेमकं हेच वगळलेलं असू शकतं.

तान्ह्या बाळासाठी दुकानाचा विचारच नको. त्याची तपासणी ओएई आणि बेराने होते; या चाचण्यांत बाळाने उत्तर द्यावं लागत नाही, कानाचा आणि श्रवणाच्या नसेचा प्रतिसाद यंत्रच टिपतं.

बॅटरी, डोम (कानात बसणारं मऊ टोपण), ट्यूब घ्यायला मात्र जवळचं दुकान उत्तम. 312 नंबरच्या बॅटरीवरची चिकटपट्टी तपकिरी, 13 ची नारिंगी. पट्टी काढल्यावर मिनिटभर हवा लागू द्या, मगच बॅटरी घाला. पावसाळ्यात रात्री बॅटरीचं झाकण उघडून मशीन सिलिका जेलच्या डबीत ठेवा, नाहीतर ट्यूबमध्ये पाणी साचून आवाज अडकतो.