सोनं-चांदी जमिनीत पुरावी, की तिजोरीत-लॉकरमध्ये ठेवावी?

सोन्याची नाणी किंवा चांदीच्या विटा हाती आल्या की ठेवायच्या कुठे, हा प्रश्न लगेच उभा राहतो. पर्याय मोजके आहेत: घरातली तिजोरी, बँकेचं लॉकर, भाडं घेऊन सांभाळणारा खासगी व्हॉल्ट, आणि सगळ्यांत जुना उपाय म्हणजे स्वतःच्या जमिनीत पुरणं. पुरायचं मनात येतं ते बहुधा चोराच्या धास्तीनं. पण पुरलेल्या धनाचा खरा धोका वेगळाच आहे. ते परत काढायला कोणी येतच नाही.

१९९२ साली इंग्लंडमध्ये हॉक्सन गावाजवळच्या शेतात हरवलेला हातोडा शोधताना सुमारे १५ हजार रोमन नाणी सापडली. ज्या लाकडी पेटीत ती ठेवली होती ती कुजून गेली होती, सोनं मात्र उत्तम अवस्थेत होतं. २०१३ मध्ये कॅलिफोर्नियात एका जोडप्याला त्यांच्याच जागेत १,४२७ सोन्याची नाणी मिळाली, गंजलेल्या डब्यांमध्ये. एका डब्याची कड मातीतून वर डोकावत होती, म्हणून लक्ष गेलं. दोन्ही ठिकाणी लपवणाऱ्यानं आपलं काम चोख केलं होतं. चोरांना पत्ता लागला नाही, आणि वारसांनाही नाही.

आता एकेक पर्याय समोरासमोर ठेवू.

चोरी आणि आग

चोरीपुरतं बोलायचं तर पुरलेलं सोनं तिजोरीपेक्षा सरस आहे. तिजोरी दिसते, आणि दिसते म्हणूनच चोर तिच्याकडे वळतो. भिंतीत किंवा फरशीत बोल्टनं पक्की न बसवलेली छोटी तिजोरी तर आख्खी उचलून नेता येते. शिवाय मालक घरात असेल तर त्याला धमकावून ती उघडून घेता येते, हा धोका फार कमी जण धरतात.

आगीत सोनं जळत नाही. ते वितळतं १,०६४ अंश सेल्सिअसला आणि चांदी ९६२ अंशांना. घराला लागलेली मोठी आग या आकड्यांच्या आसपास जाऊ शकते. वितळलं तरी धातू राखेत सापडतो, पण नाणं म्हणून त्याला जी वरकड किंमत मिळाली असती ती जाते. मीटरभर मातीखाली ही झळ पोचत नाही. ‘फायरप्रूफ’ तिजोरी मुख्यतः कागद वाचवण्यासाठी बनवलेली असते, त्यामुळे सोन्यासाठी तिजोरी घेताना आगीपेक्षा फोडाफोडीपुढे ती किती टिकते हे पाहावं.

लॉकर आणि व्हॉल्ट या दोन्ही बाबतींत घरापेक्षा भक्कम असतात. मात्र लॉकरमधल्या वस्तूंचा विमा आपोआप नसतो, आणि सुट्टीच्या दिवशी किंवा बँकेचं दार बंद असताना तुमचंच सोनं तुम्हाला मिळत नाही. व्हॉल्टमध्ये विमा सहसा भाड्यात धरलेला असतो. तिथे एकच गोष्ट पक्की करून घ्या: तुमच्या नावानं वेगळ्या ठेवलेल्या, क्रमांक नोंदवलेल्या विटा आहेत, की सगळ्यांच्या ढिगातला तुमचा वाटा आहे. व्हॉल्ट चालवणारी कंपनी उद्या बुडाली तर या फरकानं सगळं ठरतं.

माती धातूचं काय करते

इथे सोनं आणि चांदी एका मापानं मोजताच येत नाहीत. २४ कॅरेट सोन्याला माती, पाणी, मीठ काही करत नाही. २२ कॅरेटमध्ये ९१.६ टक्के सोनं असतं, बाकी तांबं-चांदी. त्यावर फार तर डाग पडतात. १४ कॅरेटला, म्हणजे ५८.५ टक्के सोन्याला, हीण जास्त असल्यानं दमट जागी जपावं लागतं. खडे जडवलेले दागिने तर पुरूच नयेत.

चांदी मातीतल्या आणि हवेतल्या गंधकाच्या संयुगांनी काळी पडते, आणि खारट ओलाव्यात तिच्यावर क्लोराइडचा थर चढतो. वितळवायची असेल तर बिघडत नाही, पण चकचकीत नाण्याची किंमत उतरते. दुसरी अडचण आकाराची. एक किलो सोनं जेमतेम ५२ घनसेंटीमीटर जागा घेतं, म्हणजे पावणेचार सेंटीमीटर बाजूचा ठोकळा. तितक्याच किमतीची चांदी वजनाला कित्येक पट भरते, आणि तिची घनता सोन्याच्या जेमतेम निम्मी, त्यामुळे खड्डा आणखी मोठा लागतो. माझं स्पष्ट मत: चांदी पुरण्याच्या भानगडीत पडू नये. तिला कोरडी खोली आणि हवाबंद डबा पुरे.

भांडं निवडताना लोखंडी पेटी आणि पत्र्याचा डबा बाद. कॅलिफोर्नियातल्या डब्यांची गत वर आलीच आहे. काच गोठणाऱ्या जमिनीत तडकू शकते. जाड पीव्हीसी पाइप, दोन्ही टोकांना कॅप, एक बाजू सॉल्व्हंटनं कायमची चिकटवलेली आणि दुसरी आट्यांची, रबरी वायसर घातलेली, हे स्वस्त आणि टिकाऊ आहे. पण नाणी थेट त्यात टाकू नका. विशेषतः मऊ पीव्हीसीच्या पाकिटातून निघणारी रसायनं नाण्यांवर हिरवट चिकट थर चढवतात. आधी पॉलिथिनची पिशवी किंवा नाण्यांसाठीची कडक डबी, सोबत ओलावा शोषणारं सिलिका जेल, मग पाइप. बंद पाइपमध्ये हवा असते, त्यामुळे पाणी साठणाऱ्या जमिनीत तो वर येऊ पाहतो. उथळ पुरला असेल तर हे विसरू नये.

जागा सापडणं

सगळ्यांत जास्त घोळ इथेच होतो. जून १६६७ मध्ये डच जहाजं मेडवे नदीत शिरली तेव्हा लंडनमध्ये घबराट पसरली, आणि सॅम्युअल पीप्स या सरकारी अधिकाऱ्यानं आपलं सोनं बायको आणि वडिलांकरवी गावच्या बागेत पुरून घेतलं. ऑक्टोबरात तो स्वतः रात्री कंदील घेऊन काढायला गेला. नेमकी जागा कोणती यावरच घरात एकमत होईना. सापडलं तेव्हा कळलं की ते अर्धा फूटही खोल नव्हतं, पिशव्या कुजल्या होत्या आणि नाणी मातीत मिसळली होती. माती चाळून, बादलीत धुऊन, दुसऱ्या दिवशी पुन्हा खपून बरीचशी मिळाली. वीस-तीस, कदाचित त्याहून कमी, गेली असावीत असा त्याचा अंदाज होता. पुरणारी माणसं जिवंत होती, शेजारी उभी होती, आणि मध्ये गेले होते अवघे चार महिने.

फोनच्या जीपीएसवर विसंबू नये. मोकळ्या आकाशाखालीही तो पाचेक मीटर इकडे-तिकडे दाखवतो, म्हणजे शोधायची जागा सुमारे ७९ चौरस मीटर. त्याऐवजी तीन पक्क्या खुणा धरा: घराच्या पायाचा कोपरा, विहिरीचा कठडा, मोठा खडक. प्रत्येकीपासूनचं अंतर टेपनं सेंटीमीटरपर्यंत मोजा. दोनच अंतरांनी दोन जागा निघू शकतात, तिसरी खूण पहिल्या दोघींच्या रेषेत नसेल तर तिसऱ्यानं एकच उरते. झाड किंवा कुंपण खूण म्हणून चालणार नाही.

किती खोल? साधा मेटल डिटेक्टर एकटं नाणं २० ते ३० सेंटीमीटरपर्यंत पकडतो, मोठा ढीग त्याहून खोलवरही. मीटरभर खड्डा घ्या, खणण्याआधी तिथून वीजवाहिनी किंवा नळ जात नाही हे पाहा, आणि वरची गवतासकट माती वेगळी ठेवून तीच शेवटी वर लावा. जमीन तुमच्या मालकीचीच हवी. भाड्याच्या जागेत किंवा रानात पुरणं म्हणजे दुसऱ्याच्या हाती सोपवणं. पुरलेल्या धनाबद्दलचे कायदे देशागणिक वेगळे आहेत, म्हणून खरेदीची पावती घरात ठेवा. उद्या हक्क सांगायचा तर तीच कामी येईल.

मग कोणी काय करावं

सोनं वारंवार मोडायचं किंवा गहाण ठेवायचं असेल तर लॉकर. रक्कम मोठी आणि वारसांमध्ये वाद होण्याची शक्यता असेल तर कागदपत्रांसकट व्हॉल्ट. तिथे तुमच्या माघारी नाव लावण्याची वाट ठरलेली असते, जमिनीत ती नसते. थोडं सोनं रात्री-अपरात्री हाताशी हवं असेल तर पक्की बसवलेली तिजोरी.

पुरावं ते फक्त चोख सोनं, वर्षानुवर्षं लागणार नाही असं, एकूण संचयाचा छोटा हिस्सा, आणि तेही दुसरा एक विश्वासाचा माणूस जागा जाणत असेल तरच. असा माणूस आयुष्यात नसेल तर पुरू नका. गुप्ततेसाठी अंतरांचा कागद त्याच्याकडे आणि खुणांची नावं मृत्युपत्राच्या पाकिटात, अशी विभागणी करता येते.

आधी रिकाम्या पाइपात ओल लागली की रंग बदलणारं सिलिका जेल घालून तो एक अख्खं वर्ष पुरून ठेवा. मग त्या माणसाच्या हाती दोन्ही कागद द्या आणि काही न सांगता त्याला शोधायला लावा. पाइप हाती लागला आणि जेलचा रंग बदललेला नसला, तरच पुढचा खड्डा सोन्यासाठी घ्या.