मुंगी धाग्याला लोंबकळते कशी? आयनॅचरलिस्ट ॲपचा अनुभव

आमचं घर गुहागरला, मागे आगर, नारळी-पोफळी आणि हापूसची दोन कलमं. परवा कलमाला बांधलेल्या दोरीवरचे कपडे काढताना एक तांबडी मुंगी हातावर चढली, झटकली तर खाली पडायचं सोडून बारीक धाग्याला लोंबकळत राहिली!! मुंगी कधी धागा सोडते का? आई केरसुणी घेऊन आलीच होती, तिला म्हटलं जरा थांब, आणि मोबाईलवर पटापट आठ-दहा फोटो काढले.

आधी फोटोवरून किडे ओळखणारं दुसरं एक ॲप होतं फोनमधे, त्याने सरळ मुंगी म्हणून सांगितलं आणि पुढचं वाचायचं तर पैसे भरा. मग आयनॅचरलिस्ट डाउनलोड केलं. पूर्ण फुकट, जाहिराती नाहीत, २००८ साली अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी प्रोजेक्ट म्हणून सुरू केलं होतं, आता ना-नफा संस्था चालवते. फोटो टाकला की ॲप स्वतः अंदाज देतंच, पण मला आवडलं ते पुढचं, जाणकार माणसं फोटो बघून नाव सांगतात आणि विचारलं तर का ते पण सांगतात. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत दोघांनी एकच नाव दिलं, मिरमाप्लाटा प्लाटालिऑइडिस. म्हणजे मुंगीचं सोंग घेणारा कोळी!

फोटो मोठा करून पाय मोजले, आठ. पुढचे दोन तो मिशांसारखे वर धरून चालतो म्हणून आपल्याला सहाच वाटतात. कंबर मुंगीसारखी बारीक, डोक्याच्या दोन्ही बाजूंना काळे ठिपके, लांबून मुंगीचे डोळेच. आंब्याची पानं शिवून घरटं करणाऱ्या त्या तांबड्या मुंग्या कडकडून चावतात, त्यामुळे पक्षी वगैरे त्यांच्या वाटेला जात नाहीत, आणि हा त्यांच्यासारखा दिसून वाचतो. इतकी वर्षं त्याच कलमाखाली उभी राहते मी, एकदाही लक्षात आलं नव्हतं.

वापरणार असाल तर एकच फोटो टाकू नका, वरून, बाजूने आणि समोरून डोळे दिसतील असा काढा, कोळ्यांमधे डोळ्यांची मांडणी फार कामाला येते. घराजवळचा फोटो असेल तर लोकेशन धूसर करायची सेटिंग आहे ती नक्की लावा. आगरात आमच्याकडे रेंज नसते, फोटो काढून ठेवला आणि पडवीत येऊन अपलोड केला तरी चालतं. बाकी कोणाला काही चावलं असेल तर ॲपवर उत्तराची वाट बघत बसू नका, आधी डॉक्टर.

माझ्याकडून पाचपैकी पाच. काल त्याच कलमावर नर दिसला, त्याचे जबडे पुढे इतके लांब की मुंगी तोंडात दुसरी मुंगी धरून चाललीय असंच वाटतं, या वेळी आईनेच हाक मारून दाखवला. फोटो टाकलाय, अजून कोणी बघितलेला नाही.