विश्रामबागेत सिगार लाउंज, स्मोकिंग रूम की सरळ नो स्मोकिंग?

आमच्या चुलत दादाने सांगलीत विश्रामबागला रेस्टॉरंट-परमिट रूमसाठी गाळा बघितलाय. मध्ये मेव्हण्याकडे न्यूयॉर्कला जाऊन आला, तिथं सिगार बार बघितला आणि तेव्हापासून डोक्यात तेच बसलंय, लेदरचे सोफे, काचेच्या कपाटात सिगार, बाजूला व्हिस्की. मला म्हणाला तू अकरा वर्षं परमिट रूमचं काउंटर सांभाळलंयस, सांग काय करू. त्याला जे सांगितलं तेच इथं लिहितोय, कारण असा विचार करणारे साताऱ्या-सांगलीत आणखी पण असणार.

आधी सिगार लाउंज. तो न्यूयॉर्कचा बार चालतो कारण तिथल्या कायद्यात त्याला सवलत आहे. 2003 मध्ये तिथं बार-रेस्टॉरंटमधलं धूम्रपान बंद झालं, सिगार बार वाचले, पण कोणते, तर जे आधीपासून चालू होते ते, आणि वर्षाच्या उत्पन्नातले किमान 10% तिथंच विकलेल्या सिगार-तंबाखूतून आणि सिगार ठेवायच्या कपाटांच्या भाड्यातून मिळून आले पाहिजेत. जागा वाढवायची नाही, हलवायची नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये तोच आकडा 51% आहे. इंग्लंडने 2007 मध्ये पबना काहीच सूट दिली नाही, फक्त सिगारच्या खास दुकानात चव बघण्यापुरती मुभा ठेवली. आपल्याकडे 2003 च्या तंबाखू कायद्यात सिगार बार नावाचा प्रकारच नाही. आणि हुक्का पार्लर म्हणत असाल तर तो विषय महाराष्ट्रात 2018 लाच संपला, मुंबईतल्या कमला मिलमधल्या पबच्या आगीनंतर, चालवणाऱ्याला 1 ते 3 वर्षं कैद आहे.

राहिली स्मोकिंग रूम. ही मात्र कायद्यात आहे, 30 खोल्यांचं हॉटेल किंवा 30 जणांच्या बसायची सोय असलेलं रेस्टॉरंट असेल तरच. (आपण वडापावच्या गाडीला पण हॉटेल म्हणतो, कायदा तसं म्हणत नाही.) दादाच्या नकाशात 26 खुर्च्या होत्या, म्हणजे तिथंच गाडी अडली. म्हणाला चार अजून कोंबतो. अरे पण त्या खोलीची जागा पण त्यातूनच जाणार ना?

समजा बसवल्या. मग 2008 च्या नियमाप्रमाणे चारी बाजूंनी छतापर्यंत भिंती, आपोआप बंद होणारा दरवाजा, आतली हवा थेट बाहेर फेकणारा एक्झॉस्ट आणि आतला दाब बाहेरपेक्षा कमी, म्हणजे दार उघडलं तरी धूर हॉलमध्ये यायला नको. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ज्याच्यावर दादा गप्प बसला, 2017 च्या दुरुस्तीपासून त्या खोलीत कुठलीही सर्व्हिस द्यायची नाही. पेग नाही, चकणा नाही, पाण्याचा ग्लास पण नाही. माणूस आत जाणार, ओढणार, बाहेर येणार. म्हणजे भाडं भरायचं, लाइट बिल भरायचं आणि त्या जागेतून गल्ल्यात रुपया नाही. 

मला विचाराल तर हा नियम योग्यच आहे. मी कामाला होतो तिथं पण अशी खोली होती, पण त्या दरवाज्याला बियरचा क्रेट लावून तो कायम उघडा ठेवलेला, कारण ऑर्डर आत पोचवायची असायची. जतकडचा एक पोरगा वेटर होता, सुपारीचं खांड तोंडात टाकायचा नाही. रात्री शटर ओढलं की शर्ट काढून मागच्या दोरीवर टाकायचा, त्या वासाने झोप लागत नाही म्हणायचा. खोकला जाईना म्हणून त्याला मिरजेला दाखवायला घेऊन गेलो तर डॉक्टरांनी पहिलंच विचारलं, किती ओढतोस रे दिवसाला? पोरगं माझ्याकडं बघायला लागलं. मला तेव्हा काय बोलावं सुचलं नाही आणि आज पण ते आठवलं की वाईट वाटतं. सिगार बारची सवलत म्हणजे नेमकी हीच गोष्ट, गिऱ्हाईक तासाभराने घरी जातं, ट्रे घेऊन फिरणारा रात्रभर आत.

तिसरा पर्याय, सरळ नो स्मोकिंग. दारात 60 बाय 30 सेंटीमीटरचा बोर्ड, टेबलावर अॅश ट्रे नाही, काउंटरला काडेपेटी-लायटर द्यायचा नाही, खर्च जवळपास शून्य. लोक म्हणतात मागच्या मोकळ्या जागेत चालतंय की, तर नाही चालत, नियमात रेस्टॉरंटच्या भोवतालची मोकळी जागा पण धरलीय. ओढणाऱ्याला 200 रुपयांपर्यंत दंड, आणि कुणी तक्रार करून पण मालकाने काही केलं नाही तर जेवढे ओढणारे तेवढा दंड मालकाला. ओढणारी गिऱ्हाईकं तुटतील ही भीती मला पण होती. पण रात्री साडेआठला बायका-पोरं घेऊन आलेलं कुटुंब दारातच धुराचा वास घेऊन मागं फिरताना मी काउंटरवरनं कितीतरी वेळा बघितलंय, आणि त्यांचं बिल चार पेगवाल्यापेक्षा मोठं असतंय.

ज्यांचं हायवेला 30 खोल्यांच्या वरचं लॉजिंग आहे आणि एक कोपरा खरंच रिकामा आहे, त्यांनी नियमाप्रमाणे खोली काढावी, पण क्रेट न लावता. गाळ्यात धंदा करणाऱ्याने नादाला लागू नये. दादाने नकाशावरची खोली पेन्सिलने खोडलीय, सोफे मात्र पाहिजेतच म्हणतोय, फॅमिली सेक्शनला ठेवणार.