चुंबकाला चिकटला नाही म्हणून सोनं समजू नका

गारगोटीत अडकलेले पिवळेधमक दाणे दाखवून एका विक्रेत्याने 'खाणीतलं कच्चं सोनं' म्हणून माझ्या गळ्यात पायराइट, म्हणजे सोन्यासारखं दिसणारं लोखंड-गंधकाचं खनिज, मारलं. माणूस खोटा होता, पण त्याने समोर करून दाखवलेल्या चाचण्या खऱ्या होत्या. मेख तिथेच आहे.

आधी त्याने चुंबक फिरवलं. "बघा साहेब, लोखंड असतं तर टचकन चिकटलं असतं!" दगड ढिम्म. आता पायराइटमध्ये लोखंडाच्या एका अणूमागे गंधकाचे दोन अणू असतात आणि वजनाने जवळपास 47 टक्के लोखंडच असतं. तरीही साधं चुंबक त्याला ओढत नाही. म्हणजे या चाचणीतून काहीच सिद्ध होत नाही.

मग काचेवर चरा ओढला. "माल किती कणखर आहे बघा." खरं तर इथेच त्याचं बिंग फुटतं. कठीणपणा मोजणाऱ्या मोहस् मापावर सोनं 2.5 ते 3, काच साधारण 5.5 आणि पायराइट 6 ते 6.5. सोन्याने काचेवर चरा उठत नाही. पण तो हे अशा झोकात करतो की कणखर म्हणजेच अस्सल वाटावं. शेवटी दगड हातात देऊन "वजन बघा" म्हणाला. पायराइट पाण्याच्या पाचपट जड, गारगोटी अडीचपटीच्या जरा वर. त्यामुळे हाताला जड लागतोच. सोनं मात्र 19 पटींहून जड असतं.

घरी टाइलच्या मागच्या खरबरीत बाजूवर दाणा घासला, तर रेघ हिरवट काळी उमटली. सोन्याची पिवळीच उमटते. दुसऱ्या दाण्यावर हातोडी मारली. सोनं चपटं झालं असतं, याचा भुगा झाला. भिंगाखाली चौकोनी पैलूंवर बारीक समांतर रेषाही दिसल्या, ही पायराइटचीच खूण.

हे दगड 'धनलाभासाठी पाण्यात ठेवा' म्हणूनही खपवतात. ते पाणी चुकूनही पिऊ नका. ओल आणि हवा लागली की पायराइटपासून गंधकाम्ल तयार होतं, शिवाय त्यात कधी आर्सेनिकही असतं.

जाब विचारला तेव्हा म्हणाला, "पायराइटमध्ये थोडं सोनं असतंच." काही ठिकाणच्या पायराइटमध्ये असतंही, पण ते डोळ्यांना दिसत नाही, प्रयोगशाळेतच कळतं. मग या दगडाचा अहवाल दाखवा म्हटलं, तर फोनच बंद.